आगमनकाळ सुरू झाला – चर्च सोडून गेलेल्या मुलासाठी प्रार्थना कशी करायची?

माई_वसई | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. मी इथे वाचनमात्र, पाककृतींचे धागे सोडले तर कुठे लिहीत नाही. आज आगमनकाळाचा पहिला रविवार होता, सकाळच्या मिस्सेला पहिली जांभळी मेणबत्ती लावली आणि मला एकदम रडूच आलं म्हणून लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आम्ही वसईचे, पिढ्यान् पिढ्या कॅथलिक. धाकटा बंगळुरूला आयटीत आहे, वय ३१. चार वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मित्राबरोबर एका फेलोशिपला (कॅथलिक चर्चबाहेरच्या प्रार्थनामंडळीला) जायला लागला आणि दीड वर्षात फोन आला, आई मी बाप्तिस्मा घेतला. मी म्हटलं अरे तो तर झालाय ना तुझा, तू चाळीस दिवसांचा असताना, अख्खा गाव जेवलाय. तर म्हणे तो नाही, बुडवून घेतलेला. तेव्हापासून मिस्सा बंद, जपमाळ बंद. नाताळला येतो, जेवतो, रात्रीच्या मिस्सेला आम्ही निघालो की हा घरात दार लावून. यांच्यासमोर त्याचं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढतो.

मी काय नाही केलं. नोवेना केल्या, माहीमच्या बुधवारच्या नोवेनेला एक वर्ष लोकलने धक्के खात गेले, रोज सकाळी त्याला संतांचे व्हिडिओ पाठवले. आधी निळ्या टिका यायच्या, मग त्यापण बंद झाल्या. आता मलाच कळत नाही की मी प्रार्थना करतेय की देवाकडे तक्रारीचा अर्ज घेऊन रोज खिडकीवर उभी राहतेय. यंदा हे चार आठवडे वेगळं काहीतरी करायचंय. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी सांगा. भांडणं नकोत प्लीज.

---

गिरीजकर | ३० नोव्हेंबर, रात्री १०:१५

माई, आमच्याकडे ताई अशीच चर्च सोडून गेली. आई आजपासून संत आंद्रियाची नोवेना करते, म्हणजे नाव नोवेना पण नऊ दिवसांची नाही, ३० नोव्हेंबरला त्यांचा सण असतो तिथपासून नाताळपर्यंत एकच छोटी प्रार्थना रोज १५ वेळा. यंदा पहिला रविवार आणि ३० तारीख एकाच दिवशी आलेत तर आजच सुरू करून टाका. भाजी निवडताना पण होते. आणि ते व्हिडिओ बंद करा हो, हात जोडतो. ताईने आईला म्यूट केलंय हे आईला अजून माहीत नाही.

---

चिंचेचं_पन्हं | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३२

पवित्र मेडल उशीत शिवून बघा. माझ्या मावशीने केलं होतं.

---

माई_वसई | ३० नोव्हेंबर, रात्री १०:४०

@चिंचेचं_पन्हं ते करून झालंय. बॅगेच्या अस्तरात शिवलं होतं. एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली त्यात सापडलं त्याला 😔

---

पायवाट | १ डिसेंबर, सकाळी ७:०५

धागा आवडला. मी हिंदू आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन कॅथलिक कुटुंबं आहेत त्यामुळे नाताळ माहितीये, पण हा आगमनकाळ काय असतो? उपवास असतात का?

---

धर्मग्राम_सेवक | १ डिसेंबर, सकाळी ११:२०

@पायवाट नाताळाच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ येतो तो आगमनकाळ. आमचं उपासनेचं वर्ष इथूनच सुरू होतं, १ जानेवारीला नाही. फादर जांभळी वस्त्रं घालतात, मिस्सेत ग्लोरिया म्हणत नाहीत, वेदीजवळ हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवत जायची. गुलाबी तिसऱ्या रविवारी, तो आनंदाचा रविवार. जुन्या काळी युरोपात कडक उपवास असायचे, आता ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळासारखं काही नसतं. हा वाट बघण्याचा काळ. आपल्याकडे मात्र वाट बघतो कोण, १ तारखेलाच चांदण्या लटकवून डीजे सुरू. असो.

माई, तुमच्यासाठी सावकाश लिहितो, आत्ता शाळेत आहे.

---

सतत_शंका | १ डिसेंबर, दुपारी १:५०

मी त्या बाजूचा. म्हणजे घर सोडून फेलोशिपला वगैरे नाही गेलो, मी कुठेच जात नाही आता, वांद्र्यात वाढलो, आल्तार बॉय होतो (मिस्सेत फादरांना मदत करणारा पोरगा), कॉलेजात विश्वास हळूहळू विझत गेला, कोणाशी भांडून नाही. माई राग मानू नका, पण तुमच्या मुलाच्या बाजूने एक सांगतो. माझी आई फोनवर विचारते जेवलास का. मला ऐकू येतं मिस्सेला गेलास का. ती खरंच फक्त जेवणाचंच विचारत असेल कदाचित, पण इतकी वर्षं प्रत्येक वाक्याच्या शेपटीला तेच बांधलेलं होतं की आता कान तसेच झालेत. मग मी फोन टाळतो, मग ती आणखी प्रार्थना करते, मग पुढच्या फोनला तिचा आवाज आणखी पवित्र.

ती माझ्यासाठी प्रार्थना करते याचा मला अजिबात त्रास नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं. त्रास होतो तो मी तिचा प्रोजेक्ट झालोय याचा.

---

परखड | १ डिसेंबर, दुपारी ३:१०

लहानपणी घरात रोज जपमाळ झाली असती, धर्मशिक्षणाच्या वर्गाला आईबापांनी नीट पाठवलं असतं तर ही वेळच येत नाही. आता रडून काय उपयोग.

---

गिरीजकर | १ डिसेंबर, दुपारी ३:१४

@परखड माईंनी वर 'भांडणं नकोत' लिहिलंय ते वाचलं नाही का? आमच्याकडे एक दिवस जपमाळ चुकली नाही हो, बाबा मळ्यातून दमून येऊन गुडघ्यावर बसायचे. तरी ताई गेलीच. इग्नोर मारतोय तुम्हाला.

---

कार्थेज_ते_मिलान | १ डिसेंबर, रात्री ११:४५

मोनिकाचं नाव अजून कोणी कसं काढलं नाही? सगळ्या आयांना तिचंच उदाहरण देतात, संत ऑगस्टीनची आई, सतरा वर्षं रडली, शेवटी मुलगा संत झाला. चर्चमध्ये तिची गोष्ट सांगताना इतकी गुळगुळीत करतात की मला ती लहानपणी आवडायचीच नाही. मग ऑगस्टीनने स्वतः आईबद्दल लिहिलेलं वाचलं आणि बाई वेगळीच निघाली.

एक म्हणजे मुलगा मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात गेला तेव्हा तिने सुरुवातीला त्याला घरात घ्यायला, एका टेबलावर जेवायला नकार दिला होता. आपल्याकडच्या भाषेत ताट वेगळं केलं. मग तिला स्वप्न पडलं, ती एका लाकडी पट्टीवर उभी राहून रडतेय आणि एक तेजस्वी तरुण येऊन म्हणतो, नीट बघ, तू जिथे आहेस तिथेच तोही आहे. वळून बघते तर मुलगा शेजारीच उभा. त्यानंतर तिने त्याला परत पंगतीला घेतलं. लक्षात घ्या, मुलगा बदलला नव्हता. तो पुढे जवळजवळ नऊ वर्षं तसाच राहिला. बदललं ते फक्त आईचं ताट वाढणं.

दुसरी गोष्ट बिशपची. ती एका बिशपच्या मागे लागली की माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवा. तो बिशप स्वतः लहानपणी त्याच मानी पंथात वाढलेला, त्यांची पुस्तकं हाताने उतरवून काढलेला माणूस. त्याने साफ नकार दिला. म्हणाला आत्ता तो ऐकायच्या मनःस्थितीत नाही, राहू दे त्याला तिथे, तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्यालाच कळेल. ही रडत बसली, ऐकेना, तेव्हा तो वैतागून म्हणाला जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. हे वाक्य आपण फ्रेम करून लावतो पण तो माणूस ते वैतागून बोलला होता हे कोणी सांगत नाही 😄

आणि तिसरी. ३८३ साली ऑगस्टीन रोमला निघाला, आईला न्यायचं नव्हतं. मित्राला निरोप द्यायला जातोय अशी थाप मारली, ती रात्रभर कार्थेजच्या बंदराजवळ संत सिप्रियनच्या स्मारकात प्रार्थना करत बसली, हा तेवढ्यात जहाज पकडून पसार. ती मागत होती की तो जाऊ नये. तो गेला, आणि गेला म्हणूनच पुढे मिलानला तिथल्या बिशप अँब्रोजची प्रवचनं त्याच्या कानावर पडली, ३८७ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री त्याच अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्या रात्रीचं तिचं मागणं शब्दशः मान्य झालं असतं तर सगळंच अडलं असतं.

अवांतर: आत्ताचे पोप लिओ चौदावे ऑगस्टीनच्याच संघाचे.

---

नवा_दिवस | २ डिसेंबर, सकाळी ८:३०

मी माईंच्या मुलासारखा. कॅथलिक घरातला, आता नऊ वर्षं फेलोशिपमध्ये, लोक आम्हाला बिलिव्हर म्हणतात. धागा काल वाचला, रात्रभर लिहू की नको चाललं होतं.

माई, मी हरवलेलो नाही. मी बायबल रोज वाचतो जे घरी असताना कधी वाचलं नव्हतं. दारू सोडली. तुमचा मुलगापण येशूकडे पाठ फिरवून गेला नसेल, त्याला तिथे काहीतरी सापडलं असेल म्हणून गेला असेल. तुम्ही 'सोडून गेला' म्हणता तेव्हा आम्हाला ते लागतं. आमच्या बाजूची चूकपण कबूल करतो. नवीन नवीन असताना मी आईला येऊन सांगितलं की तुझी जपमाळ म्हणजे मूर्तिपूजा आहे. २३ वर्षांचा होतो. तिचा चेहरा अजून आठवतो.

आता आमचं असं आहे की ती माझ्यासाठी प्रार्थना करते मी परत यावं म्हणून आणि मी तिच्यासाठी करतो तिचं तारण व्हावं म्हणून. देवाची पंचाईत.

आणि गंमत म्हणून, ती तुमची चार मेणबत्त्यांची रिंग आहे ना, ती मुळात प्रोटेस्टंटाची. योहान हिन्रिक विकर्न नावाचा लुथेरन पाळक, १८३९ साली हँबर्गमध्ये गरीब मुलांच्या आश्रमात. मुलं रोज विचारायची नाताळ कधी म्हणून त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, छोट्या रोजच्या आणि चार मोठ्या रविवारच्या. कॅथलिक चर्चमध्ये ती फार नंतर आली.

---

माई_वसई | २ डिसेंबर, रात्री ९:१५

@नवा_दिवस बाळा तू लिहिलंस ते बरं केलंस. मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तारण व्हावं म्हणे, मी काय बुडतेय का. मग जेवण झाल्यावर परत वाचलं. तू तुझ्या आईला ते चेहऱ्याचं कधी बोललास का?

मेणबत्तीचं यांना सांगितलं तर टीव्ही म्यूट करून म्हणाले, काय सांगतेस. चार वर्षांत या विषयावर पहिल्यांदा टीव्ही म्यूट झाला.

---

धर्मग्राम_सेवक | ३ डिसेंबर, रात्री १०:००

उशिराबद्दल क्षमा, टंकाळा. बऱ्याच घरात भीती असते की पोरगं उद्या यायचं म्हणालं तरी आता घेतील का, किती प्रकरणं होतील. माई, असं काही नसतं. कॅथलिक दृष्टीने बाप्तिस्मा एकदाच होतो, त्याचा ठसा पुसला जात नाही. लहानपणीचा बाप्तिस्मा वैध आहे त्यामुळे नंतर पाण्यात बुडून घेतलेल्याने त्यात भरही पडत नाही आणि तो रद्दही होत नाही. कधी परत यायचं झालं तर पुन्हा बाप्तिस्मा नाही, एखाद्या फादरांशी बोलायचं, पापनिवेदन करायचं, बहुतेकदा एवढंच. लग्न चर्चबाहेर झालं असेल तर ते चर्चमध्ये नियमित करून घ्यावं लागतं, त्याला थोडा वेळ जातो. पण हे तुम्ही त्याला सांगायला जाऊ नका! तुमच्या मनातली भीती कमी व्हावी म्हणून लिहिलं.

---

आजीची_नात | ४ डिसेंबर, रात्री १२:२०

मी लिहिणार नव्हते. सगळ्यांनी मोनिकाची गोष्ट ऐकली, जिचा मुलगा परत आला. आमच्या घरातली दुसरी आहे.

माझा काका गेला होता, वेगळ्या मंडळीत. आजी त्याच्यासाठी रोज तीन 'नमो मरिया' म्हणायची, वेगळ्या, सगळ्यांच्या जपमाळेनंतर, मागच्या पडवीत. पंधरा सोळा वर्षं. २०२१ मध्ये कोविडमध्ये तो गेला, चार दिवसांत. ना परत आला, ना बोलणं झालं. दफनविधी त्यांच्या पद्धतीने, मोजून काही माणसं, आजी लांब मास्क लावून उभी. आम्हाला वाटलं आता आजी प्रार्थना बंद करेल किंवा देवावर रुसेल. आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी परत मागच्या पडवीत.

मी विचारलं, आजी आता काय मागतेस? तर म्हणाली, आता परत आण म्हणता येत नाही ना, मग नुसतं त्याचं नाव घेते. आणि म्हणाली, आधीच असं करायला पाहिजे होतं, पंधरा वर्षं नावाच्या आधी तक्रार लावत होते.

आजी ८६ वर्षांची आहे. अजून घेते. मरियेला सांगायला काय लागतं म्हणे, तिला माहितीये कोणाबद्दल बोलतेय.

---

सतत_शंका | ४ डिसेंबर, सकाळी ९:०२

🙏 आज आईला फोन करतो.

---

पायवाट | ४ डिसेंबर, सकाळी ९:३०

@आजीची_नात डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे वडील वारकरी, दादाने माळ काढून ठेवली तेव्हा ते सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते. आईने ती माळ अजून देव्हाऱ्यात त्याच्या नावाने ठेवलीय. रोज पुसते.

---

माई_वसई | ४ डिसेंबर, रात्री ९:५०

@आजीची_नात तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग. मी आजपासून तसंच करणार. १५ वेळा ती आंद्रियाची प्रार्थना चालू ठेवते, पण त्याच्यासाठी म्हणून वेगळं काही नाही, फक्त नाव. आज केलं. इतकं अवघड आहे हो! नाव घेतलं की लगेच मागून वाक्य येतं, ह्याला बुद्धी दे, ह्याला परत आण. चार वेळा नाव घेऊन तोंड दाबून बसले. मग नुसतं नाव घेतल्यावर एकदम तो सात वर्षांचा असताना विहिरीवर कसा उड्या मारायचा ते आठवलं. कित्येक वर्षांत मला त्याची काळजी सोडून दुसरं काही आठवलंच नव्हतं.

व्हिडिओ बंद.

---

गिरीजकर | १४ डिसेंबर, दुपारी १२:४०

धागा वर काढतोय. आज गुलाबी मेणबत्तीचा रविवार, दुसरं वाचन ऐकलंत का? बायबलमधलं याकोबाचं पत्र. शेतकरी जमिनीच्या पिकासाठी धीर धरतो, पहिला आणि शेवटला पाऊस मिळेपर्यंत. मी लगेच बाबांकडे बघितलं, तेपण माझ्याकडे बघत होते. आमची राजेळी केळी आहे, वाळवून सुकेळी करतात ती, पिल्लू लावल्यापासून घड हातात यायला वर्ष वर जातं, आणि ऑक्टोबरात वारा सुटला की वाट बघितलेली आख्खी रांग आडवी. घरी येताना बाबा म्हणाले, याकोबाने वाऱ्याचं लिहिलं नाही. ताईबद्दल बोलत होते. ती गेल्यापासून चर्चमधून येताना तिचा विषय काढला नव्हता त्यांनी.

---

कार्थेज_ते_मिलान | १४ डिसेंबर, दुपारी २:१५

आणि आजचं शुभवर्तमानपण बघा, बाप्तिस्मा देणारा योहान तुरुंगात आहे आणि येशूला निरोप पाठवून विचारतो, येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? ज्याने आयुष्यभर लोकांना 'तो येतोय' सांगितलं तोच विचारतोय. येशू त्याला ओरडत नाही. उलट लोकांसमोर त्याचं कौतुक करतो.

येत्या १९ तारखेला जखऱ्याचं, म्हणजे याच योहानच्या वडिलांचं वाचन आहे. देवदूत त्याला म्हणतो तुझी प्रार्थना ऐकली गेलीय, आणि मला कायम वाटतं की तो गोंधळला असणार, कुठली प्रार्थना? मूल मागायचं तर त्याने आणि अलीशिबेने म्हातारपणी कधीच सोडलं असेल. हा माझा अंदाज हां, शास्त्रात नाही.

---

नवा_दिवस | १६ डिसेंबर, रात्री ८:१०

माई, तुम्ही विचारलं होतं ना चेहऱ्याचं बोललास का. बोललो. शनिवारी. आई म्हणाली मला तर आठवतपण नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, हिरवा शर्ट घातला होतास.

मंडळी बदललेली नाही, बदलणारही नाही. पण ती जपमाळ करायला बसली तेव्हा या वेळी मी उठून गेलो नाही, शेजारी बसून माझं बायबल वाचत राहिलो.

---

माई_वसई | २० डिसेंबर, रात्री १०:०५

सतरा तारखेपासून संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज एक नवी हाक असते, आमच्या सिस्टरने सांगितलं, आज 'हे दाविदाच्या किल्ली' होती. तू उघडलंस की कोणी बंद करू शकत नाही. सिस्टर म्हणाल्या त्या सात हाकांची लॅटिन पहिली अक्षरं उलटी जोडली की 'उद्या मी असेन' असं वाक्य होतं. मला लॅटिन काय कळणार, पण किल्लीचं आवडलं. मी इतकी वर्षं माझीच किल्ली घालून फिरवत बसले होते.

तर आज फोन आला. आपणहून. फ्लाइट २४ ला संध्याकाळी सहाला उतरते, रात्री नऊपर्यंत वसई स्टेशनला येईन म्हणाला. माझ्या ओठावर आलं होतं, मग रात्रीची मिस्सा मिळेल की. गिळलं. देवाशप्पथ गिळलं. विचारलं, काय खाशील? दोन सेकंद शांतता. बहुतेक पुढचं वाक्य येईल म्हणून थांबला असेल. मी काही बोललेच नाही. मग म्हणाला, सुकेळी आहेत का घरात?

---

सतत_शंका | २० डिसेंबर, रात्री १०:११

आहेत का????

---

माई_वसई | २० डिसेंबर, रात्री १०:२०

नव्हती. उद्या मिस्सेनंतर आगाशीला जाते. यांना म्हटलं तर म्हणाले तू राहू दे, मी जातो.

---

गिरीजकर | २० डिसेंबर, रात्री १०:४८

काकांना सांगा दुकानातून पॅकबंद घेऊ नका, ओळखीच्या घरून घ्या, आणि हाताला तुपकट लागली पाहिजेत. खाजगी निरोप पाठवतो.

---

माई_वसई | २४ डिसेंबर, रात्री ८:२५

गोठ्याचा देखावा झाला, कुलकुल झाले, इंदेल चुलीवर आहे. रात्रीच्या मिस्सेला आम्ही दोघं जाणार, त्याला जेवण काढून ठेवून, तो यायचं म्हणाला तर म्हणाला. विचारणार नाही. ह्यांनी रिक्षा बोलावली आहे स्टेशनला जायला, स्वतः जातायत, सुकेळ्यांची पिशवीपण बरोबर घेतलीय, घरी येईपर्यंत थांबवेना म्हणे. मी म्हटलं मी पण येते. हॉर्न वाजवतोय तो, नंतर लिहिते.